विचारा तर खरं : तरटाचं कपाट, निवडुंगाची अळी आणि मधमाशीचं कौल

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या घरगुती वस्तू आणि गावगाड्याच्या गोष्टींवर गेल्या अंकात छोटी टिपणं दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. गव्हर्नर आणि दर्यावर्दी यांच्याबद्दल एकही प्रश्न आला नाही. विचारलं गेलं ते कपाट, कौल, कुंपण यांबद्दलच, आणि आम्हालाही तेच आवडतं.

कूलगार्डी सेफ नावाच्या, विजेविना गार राहणाऱ्या कपाटाचा उल्लेख होता. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी वीज जाते आणि फ्रीज नुसतं कपाट होऊन बसतो. हे घरी करता येईल का? मापं द्यावीत. — एक गृहिणी, अथणी

करता येईल, आणि अथणीसारख्या कोरड्या गावात ते चांगलं चालेल. खानापूरकरांनी पावसाळ्यात मात्र नाद करू नये. कारण पुढे येतंच.

पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी इथे १८९२ मध्ये सोनं सापडलं आणि उजाड माळावर तंबूंचं गाव उभं राहिलं. त्याच दशकात आर्थर मॅकॉर्मिक यांनी हे कपाट तिथे केलं. प्रवासी लोक गाडीला कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगत, ती झिरपून आतलं पाणी गार होई. तीच युक्ती त्यांनी कपाटाला लावली. आपला माठही याच नियमाने चालतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतं. गंमत अशी की, कूलगार्डीत गोडं पाणी विकत मिळत असे आणि खारं पाणी उकळून, वाफ धरून ते तयार करावं लागे. १९०३ मध्ये मंडेरिंगच्या धरणातून पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीचा नळ सोन्याच्या खाणींपर्यंत पोचला, तोवर अशीच स्थिती होती. तरीही लोक या कपाटाला पाणी पाजत, कारण लोणी वितळण्यापेक्षा ते परवडत असे.

सांगाडा ६० सेंटीमीटर रुंद, ६० खोल आणि ९० उंच असा दीड इंची चौकोनी लाकडाचा करा. फळ्या सलग नकोत. पट्ट्या किंवा जाळी ठोका, म्हणजे गार हवा वरून खाली उतरेल. माथ्यावर जस्ती पत्र्याचा ५ सेंटीमीटर खोलीचा ट्रे बसवा. तो ४ सेंटीमीटर भरला तरी १४ लिटर पाणी होतं, म्हणजे कपाटाच्या डोक्यावर १४ किलो ओझं. ट्रेखाली एक आडवी पट्टी जादा ठोकल्याशिवाय मधला पत्रा पोटात जातो आणि पाणी एकाच बाजूला साचतं. चारही बाजूंना तरट ताणून लावा. दाराची चौकट वेगळी करून तिलाही तरटच लावा. तळाशी दुसरा ट्रे ठेवा, निथळलेलं पाणी त्यात जमतं आणि पुन्हा वर ओतता येतं. चारही पाय पाण्याच्या डब्यांत ठेवा. जाळीच्या कपाटाच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवायची आपल्याकडची पद्धत तिथेही हुबेहूब तशीच होती.

आता खरी गोम. ट्रेमधलं पाणी तरटापर्यंत पोचवतात त्या कापडी पट्ट्या. मूळ कपाटात त्या फ्लॅनेलच्या असत. आपल्याकडे जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या छान चालतात. प्रत्येक बाजूला ८ ते १० सेंटीमीटर रुंदीच्या दोन पुरेत. एक टोक ट्रेच्या तळाला टेकवून वर दगड ठेवा, पट्टी काठावरून बाहेर घ्या आणि दुसरं टोक तरटाच्या वरच्या कडेला शिवून टाका. नुसतं चिकटवलं तर वाऱ्याने सुटतं आणि पाणी ओट्यावर ठिबकत बसतं.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक पोत्याची. हल्लीचं खताचं किंवा साखरेचं प्लॅस्टिकचं पोतं पाणी धरतच नाही, ज्यूटचंच तरट पाहिजे. तेही नवं असेल तर पाणी घेत नाही, कारण गिरणीत ताग मऊ करायला तेल लावतात. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ते रात्रभर भिजवून चोळून धुवा. वरचा ट्रे तासाभरात रिकामा होत असेल तर पट्ट्या वक्रनळीसारख्या पाणी ओढताहेत. पट्ट्यांची संख्या किंवा रुंदी कमी करा. उलट तरटाचा खालचा भाग कोरडा राहत असेल तर एक पट्टी वाढवा. बोअरच्या जड पाण्याने तरटावर पांढरी खपली धरते आणि ते पत्र्यासारखं कडक होतं. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवलं की ती सुटते. तरटाचे दोन जोड ठेवून दर आठवड्याला एक उन्हात टाका, नाहीतर कुबट वासाने लोणीसुद्धा खाववणार नाही. ट्रेमधलं आणि पायांखालच्या डब्यांतलं पाणी चार दिवसांनी पूर्ण ओतून द्या. डेंग्यूचा डास घरात पाळायचा नसेल तर यात सवलत नाही.

कपाट सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडी हवं. पडवी उत्तम, बंद स्वयंपाकघर सर्वांत वाईट. किती गार होईल हे आधीच कळतं. दोन थर्मामीटर घ्या आणि एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला. तो जिथे थांबेल, त्याखाली कपाट कधीही जाणार नाही. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्याचा पारा २१ च्या आसपास थांबतो. कपाटाच्या आत त्यापेक्षा चार-पाच अंश जास्त धरा. जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की हाच फरक जेमतेम एका अंशाचा उरतो, म्हणून पावसाळ्यात कपाट नुसतं ओलं राहतं. भाजी, कोथिंबीर, लोणी आणि सकाळी तापवलेलं दूध संध्याकाळपर्यंत, एवढ्यापुरतं ते आहे. मांस, मासे किंवा उरलेला भात यात रात्रभर ठेवू नये. २५ अंश म्हणजे फ्रीज नव्हे.

आमच्या भागात पूर्वी गावठाणाभोवती फड्या निवडुंगाची दाट कुंपणं होती आणि ती काही वर्षांत एकाएकी नाहीशी झाली, असं जुनी माणसं सांगतात. ऑस्ट्रेलियातही निवडुंग किड्यांनी खाल्ला असं वाचलं. दोन्हींचा काही संबंध? आणि आज बांधावर असलेल्या त्रिधारी निवडुंगाला तो किडा लागेल का? — शेतकरी, चिकोडी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. त्रिधारी निवडुंग, शेर वगैरे मोडल्यावर पांढरा चीक येणाऱ्या वनस्पती वेगळ्या कुळातल्या. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, त्याला चीक नसतो. त्याचे किडे त्रिधारीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

संबंध आहे, आणि तो बराच सरळ आहे. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात हौसेने कुंडीतून आणि कुंपणासाठी लावलेला निवडुंग क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत मोकाट सुटला. १९२५ पर्यंत सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन त्याने व्यापली होती. त्यातली निम्मी इतकी दाट होती की जनावरही शिरू शकत नसे. तोडला की प्रत्येक तुकड्याला मुळं फुटत. आर्सेनिकचं विष फवारायचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होई. शेतकरी वाड्या सोडून निघून गेले.

१९१२ ते १९१४ या काळात क्वीन्सलँडने निवडुंगाचे शत्रू शोधायला दोन शास्त्रज्ञांना जगभर पाठवलं. त्यांच्या वाटेत हिंदुस्थानही होता. कारण आपल्याकडे एक प्रयोग चुकून आधीच होऊन गेला होता. १७९५ मध्ये किरमिजी रंगासाठी म्हणून ब्राझीलहून कलकत्त्याला एक किडा आणला गेला. रंगाचा किडा तो नव्हताच, त्याचा हलक्या प्रतीचा भाऊबंद निघाला. रंग मिळाला नाही, पण एका जातीचा निवडुंग त्याने साफ केला. तोच किडा पुढे क्वीन्सलँडमध्ये सोडला तेव्हा तिथेही ती एकच जात मेली. मुख्य उपद्रवी जात तशीच राहिली.

तिच्यावर उपाय सापडला अर्जेंटिनात. कॅक्टोब्लास्टिस नावाचा करड्या रंगाचा साधा पतंग. १९२५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ ॲलन डॉड यांनी त्याची सुमारे ३,००० अंडी ब्रिस्बेनला पाठवली. या पतंगाची अंडी एकाला एक चिकटून काड्यांसारखी असतात. एका काडीत साधारण सत्तर-ऐंशी अंडी, आणि काडी लांबून निवडुंगाचा काटाच वाटते. आधी पिंजऱ्यात पिढ्या वाढवल्या, मग अंड्यांच्या काड्या कागदाला डकवून गावोगाव दिल्या. शेतकऱ्यांनी त्या टाचणीने फड्यांना टोचल्या. नारिंगी, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या घोळक्याने फड्यात शिरतात आणि आतला गर खातात. वरून फक्त साल राहते, मग कूज शिरून सगळं झाड बसतं. एकेकटी अळी आत शिरू शकत नाही, चिकट रसात अडकते. म्हणून अंडी सुटी करून पसरायची नसतात. १९३३ च्या सुमारास दाट निवडुंग संपला होता. चिंचिला गावाजवळ बूनार्गा इथे शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये लाकडी सभागृह बांधलं आणि त्याला या पतंगाचं नाव दिलं. तो हॉल आजही उभा आहे. किड्याच्या स्मरणार्थ सभागृह आम्हाला तरी दुसरं माहीत नाही.

आता चिकोडी. ऑस्ट्रेलियाने याच मोहिमेत निवडुंगावरचा आणखी एक पांढरा, कापसासारखा दिसणारा किडा गोळा केला होता. तो तिथून सिलोनला गेला आणि १९२६ मध्ये सिलोनहून दक्षिण हिंदुस्थानात आला. आपल्या फड्या निवडुंगाला तोच लागू पडला आणि पाच-सहा वर्षांत दख्खनच्या मोठ्या भागातली कुंपणं गळून पडली. जुन्या माणसांची आठवण बरोबर आहे. आजही एखाद्या फड्यावर कापसाचे ठिपके दिसले तर काडीने चिरडून बघा. गडद लाल रस आला तर हाच तो. कुंपण राखायचं असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मारून ठिपके धुऊन काढा, उरलेल्यांवर साबणाचं पाणी ब्रशने चोळा आणि फार भरलेली फडी कापून जाळा.

तो पतंग इकडे आणावा का, असंही पत्रात विचारलंय. मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात अमेरिकी निवडुंगाचे देशी नातलग नव्हते, म्हणून ते सुटले. कॅरिबियन बेटांवर सोडलेला हाच पतंग पुढे फ्लोरिडात पोचला आणि तिथल्या मूळच्या निवडुंगांवर पडला. आपल्याकडे आता बिनकाट्यांचा निवडुंग चाऱ्यासाठी लावतात, त्याचाही तो फडशा पाडील.

उसाची हुमणी खायला ऑस्ट्रेलियाने परदेशातून बेडूक आणले होते असं ऐकलं. आमचा ऊस दरवर्षी हुमणीने बसतो. बेडकांचा उपयोग होतो का? — ऊस उत्पादक, रायबाग

वरच्या गोष्टीची ही उलटी बाजू. निवडुंगाचं यश ताजं असतानाच, १९३५ च्या जूनमध्ये, हवाईहून १०२ भेक क्वीन्सलँडमधल्या गॉर्डनव्हेलला आणले. बेडूक म्हणतात, पण हा खडबडीत कातडीचा विषारी भेक. काही महिन्यांतच पिल्लं वाढवून उसाच्या पट्ट्यात सोडली.

हुमणीचं काही बिघडलं नाही, आणि का बिघडलं नाही हे आपल्याही उपयोगाचं आहे. अळी जमिनीखाली मुळं खाते, भेक जमिनीवर. भुंगेरा बाहेर येतो तो उडून झाडावर किंवा उसाच्या शेंड्यावर बसतो. भेकाला चढता येत नाही. शिवाय त्या दिवसांत शेतात ओलसर आडोसा नसल्याने भेक पाण्याकडे निघून गेले. निवडुंगाच्या पतंगाला निवडुंगाशिवाय दुसरं काही चालत नव्हतं. भेकाला मात्र हुमणी सोडून सगळं चालत होतं. त्याला तोंडात धरणारे साप, घोरपडी, कुत्री मेली. २००९ मध्ये तो खंडाच्या पार पश्चिमेच्या राज्यात पोचला.

तुम्ही करायचं ते हे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्याच संध्याकाळपासून भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर गोळा होतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवून ते खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. सलग काही संध्याकाळी, आणि एकट्याच्या शेतात नव्हे तर शिवारभर. एकदा मादीने अंडी घातली की मेहनत वाया. मेटारायझियम ही बुरशी शेणखतातून द्यायची तर जमिनीत ओल हवी, कोरड्यात ती मरते. तिकडेही पुढे हीच बुरशी वापरून पाहिली. तांदळाच्या दाण्यांवर वाढवून ती सरीत टाकत.

सिडनीत राहणाऱ्या मुलाने पाठवलेल्या फोटोंत जुन्या घरांवर अगदी आपल्या मंगळुरी कौलांसारखी लाल कौलं दिसतात. ती इकडून गेली का? आमचं घर शंभरेक वर्षांचं आहे, कौलं उतरवून पुन्हा चढवायची आहेत, त्याबद्दलही सांगावं. — निवृत्त शिक्षक, खानापूर

फोटोंतल्या त्या घरांवर बहुधा फ्रान्सची कौलं असतील. दोन्ही चुलत भावंडं आहेत. एकात एक अडकणारं हे कौल आल्सासमधल्या गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये पेटंट केलं, आणि मार्सेल बंदराच्या परिसरातल्या भट्ट्यांनी ते जगभर पाठवलं. मंगळुरात जेप्पू इथे बासेल मिशनने १८६५ मध्ये नेत्रावतीच्या मातीतून त्याच धर्तीची कौलं काढायला सुरुवात केली. सिडनीच्या वुंडरलिक कंपनीने १८९० च्या दशकापासून मार्सेलची कौलं जहाजं भरभरून आणली. पहिल्या महायुद्धात माल येईना, तेव्हा कंपनीने तिथेच भट्टी घातली. कोन्यावर कांगारू बसवायची हौस मात्र अस्सल तिकडची.

मुलाला सांगा, एखादं उतरवलेलं कौल मिळालं तर उलटं करून बघ. पोटावर मधमाशी उमटलेली असेल तर ते मार्सेलच्या गिशार कार्व्हांच्या भट्टीचं.

हा छाप तुमच्याही कामाचा आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा दोन-चार मिलिमीटरने वेगळ्या असतात. लांबून फरक दिसत नाही, पण मिसळली की खाच पूर्ण बसत नाही आणि पहिल्याच तिरप्या पावसात घर गळतं. म्हणून कौलं उतरवतानाच छापाप्रमाणे ढीग लावा आणि एका उताराला एकाच छापाची चढवा. कमी पडलेली नवी कौलं मागच्या पडवीवर घाला, मुख्य उतारावर नकोत.

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. अकरा कौलं जमिनीवर उलटी घालून एकात एक अडकवा. आधी सगळी घट्ट दाबून पहिल्याच्या नाकापासून अकराव्याच्या नाकापर्यंत मोजा, मग सैल ओढून पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. ते तुमच्या कौलाचं अंतर. चौरस मीटरला साधारण १५ कौलं धरा, वर फुटीसाठी थोडी. खानापूरच्या पावसाला ३० अंशांहून कमी उतार नको, म्हणजे सात फूट आडव्याला चार फूट चढ. सपाट उतारावर वारा पाणी खाचेतून उलटं ढकलतो. वळचणीच्या आणि कडेच्या ओळींतलं प्रत्येक कौल नाकाच्या भोकातून जस्ती तारेने रिपेला बांधा. मधली कौलं वजनानेच बसतात. शेवाळ काढायला जोराच्या पाण्याचं यंत्र लावू नका. भाजलेल्या मातीची वरची कातडी त्याने निघते आणि कौल पाणी प्यायला लागतं. रंगाच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे : जुन्या कौलाला ऑइलपेंट फासणं म्हणजे आतली ओल कोंडणं.

ऑस्ट्रेलियात ‘सूरत’ नावाचं गाव आहे हे खरं का? — कॉलेज विद्यार्थिनी, निपाणी

खरं. क्वीन्सलँडमध्ये बलोन नदीकाठी आहे. गाव आखणाऱ्या सर्वेक्षकाचा आपल्या सुरतेशी पूर्वीचा संबंध होता, त्यावरून हे नाव. कॉब अँड कंपनीची घोड्यांची टपालगाडी शेवटची धावली ती १९२४ मध्ये याच सूरत आणि यूलेबा या गावांदरम्यान. न्यू साउथ वेल्समध्ये लखनौ आहे, टास्मानियात होबार्टजवळ हावडा आहे. बेळगाव मात्र आम्हाला नकाशात सापडलं नाही.

मुलीकडे ॲडलेडला परसात छत्रीच्या काड्यांसारखं लोखंडी, फिरणारं कपडे वाळत घालायचं झाड आहे. ते म्हणे तिकडचा ठेवा मानतात. एवढं काय त्यात? — एक आजी, शहापूर, बेळगाव

आजी, त्याआधी तिथेही लांब तार आणि मध्ये बेचक्याची काठी लावून ती उचलून धरायची पद्धत होती. काठ्या विकणारे दारोदार ओरडत फिरत. ओल्या चादरींनी तार वाकली, काठी घसरली की धुतलेलं सगळं मातीत. गिल्बर्ट टॉइन या लोहाराने १९११ पासून फिरत्या चौकटी केल्या, आणि १९२५ मध्ये दांडा फिरवून वर-खाली करायचं दातेरी चक्र बंद डबीत बसवलं. ॲडलेडच्या लान्स हिल यांनी १९४५ मध्ये आपल्या परसात असंच एक उभं केलं आणि पुढे मोठा धंदा झाला, म्हणून ‘हिल्स हॉइस्ट’ असं नाव त्यांचं राहिलं.

वापरताना आधी दांडा फिरवून ते खाली घ्यायचं, कपडे समोरासमोरच्या बाजूंना सारखे घालायचे, मग वर चढवायचं. एकाच बाजूला सगळ्या चादरी घातल्या तर खांब तिरपा होतो आणि चक्राचे दाते एका अंगाने झिजतात. जड कपडे खांबाजवळच्या तारांवर, हलके बाहेर. वर्षातून दोनदा चक्राला ग्रीस. आणि नातवंडांना त्याला लोंबकळून फिरायला देऊ नका. तिकडची सगळी मुलं तेच करतात, आणि तिकडच्या सगळ्या परसांतली ही झाडं त्यामुळेच थोडी वाकडी असतात.